अण्णा, पाचवीचा दुसरा नियम

अण्णा,

तुमच्या तेराव्याला जो तो तुमच्या अक्षराबद्दल बोलत होता. कचेरीतले जुने सोबती, गल्लीतले लोक, नोएडाहून आलेला तुमचा मुलगा. कुणी म्हणालं, अण्णांनी उतरवलेली नक्कल आणि मूळ कागद शेजारी ठेवले तर वकीलसाहेबसुद्धा गोंधळायचे. कुणी म्हणालं, असं वळण आता बघायला मिळायचं नाही. मी भिंतीशी बसून ऐकत होते. मग कुणीतरी मलाही म्हणालं, "मैडम जी, आप भी कुछ कहिए." मी हात जोडले आणि मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला रडू येतंय. खरं म्हणजे मला हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं. तुमच्या अक्षराबद्दल मला जे माहीत होतं, ते तेराव्याच्या पानांवर बसून सांगण्यासारखं नव्हतं.

आज सांगते. काल शनिवारी पाचवीची पालकसभा झाली. ती कशी झाली हे तुम्हाला कळवायलाच हवं. पण ते सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल. तुम्हाला सगळं ठाऊक आहे म्हणाल. तुम्हाला तुमच्या बाजूचं ठाऊक आहे, अण्णा. माझ्या बाजूचं तुम्ही कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीत; मध्येच हात वर करायचात.

तीन वर्षांपूर्वी मला झाशीत येऊन जेमतेम दहा महिने झाले होते. यजमान फौजेत, छावणीत आमचं क्वार्टर. मी साताऱ्याकडची, हिंदी घेऊन बी. ए. झालेली, त्यामुळे माझी हिंदी पुस्तकातली. मी तोंड उघडलं की भाजीवालीसुद्धा हसायची. सिविल लाइन्समधल्या शाळेनं मला पाचवीचा वर्ग दिला आणि पहिल्याच आठवड्यात सांगितलं, पालकांना बोलावून वर्गाची शिस्त समजावून द्या. ऑफिसनं एक छापील कागद हातात ठेवला. त्यावर इंग्रजीत अकरा नियम. साडेसातच्या आत फाटक. गृहपाठ मुलानं स्वतः करायचा. दप्तर मुलानंच भरायचं. डायरीवर रोज पालकांची सही. दर सोमवारी शुद्धलेखनाची परीक्षा. असं खाली अकरापर्यंत.

मुलांच्या बाकांवर मोठी माणसं बसली की सगळ्यांचे गुडघे छातीशी येतात. तशी बसली होती तीसेक माणसं. रेल्वेतले बाबू, फौजींच्या बायका, बरुआसागरहून सकाळच्या बसनं आलेली शेतकरी मंडळी. मी एकेक नियम वाचायचा, हिंदीत सांगायचा, आणि सगळ्यांनी माना डोलवायच्या. पहिला झाला. दुसरा झाला. तिसरा वाचायला घेतला तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "मैडम जी, एतराज़ है."

पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, हात सरळ वर. वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा ताठ. मी म्हटलं, "जी, कहिए." तुम्ही उभे राहिलात आणि थेट मराठीत सुरू झालात.

"बाई, आपण महाराष्ट्रातल्या दिसता, तेव्हा मराठीतच बोलतो. आपला दुसरा नियम चुकीचा आहे."

झाशीत, भर वर्गात, असं जुन्या वळणाचं मराठी ऐकून मी क्षणभर गडबडलेच. छावणीतल्या आम्हा बायकांचं मराठी वेगळं. तुमच्या घराण्याला इथं येऊन दोन-अडीचशे वर्षं झाली, आणि तुमच्या तोंडी अजून 'तजवीज' आणि 'दाखला' होते. मी विचारलं, "काय चुकीचं आहे त्यात?"

"लेकराला येत नसेल तर त्यानं काय करायचं?"

"नसेल येत तर वही कोरी आणायची."

"कोरी?" तुम्ही असं म्हणालात, जसं काही मी पोराला उपाशी पाठवायला सांगितलं होतं. "कोरी वही घेऊन लेकरानं उभं राहायचं? चारचौघांत?"

"मग मला कळेल तरी त्याला काय येत नाही ते."

"आपल्याला कळेल हो. त्याचं काय?"

आपण दहा मिनिटं भांडलो. तीस माणसं एकदा तुमच्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. एक शब्द कुणाला कळत नव्हता, पण मजा सगळ्यांना येत होती. नंतर मला प्राचार्या मॅडमनी बोलावून विचारलं, "ये मीटिंग किस भाषा में हुई?" त्या दिवशी घरी जाऊन यजमानांना म्हणाले, या शाळेत माझं काही खरं नाही. पहिल्याच सभेत एका म्हाताऱ्यानं मला गार केलं.

तुम्ही वैदेहीचे आजोबा हे मला सोमवारी कळलं. तिचे आईवडील दोघंही नोएडात नोकरीला, पोर तुमच्याकडे. तिची दुसरी-तिसरी टाळेबंदीत मोबाइलवर झालेली. वर्गात ती खिडकीशी बसायची आणि बोलायचीच नाही. मी काही वाचायला सांगितलं की पुस्तक डोळ्यांजवळ धरायची, ओठ हलवायची आणि शेजारणीचा आवाज येईपर्यंत थांबायची. पण वही मात्र अशी की बघत राहावं. एक दिवस गृहपाठ चुकला नाही. अक्षर अगदी दहा वर्षांच्या मुलीचं, थोडं उजवीकडे कललेलं, मात्रा जरा लांबलेल्या. मधून मधून खोडलेलं. दर पानावर एखादी चूकसुद्धा. अण्णा, त्या चुका! त्यांचं कौतुक मला आजही वाटतं. खोटी वही करणारा माणूस चुका ठेवायला विसरतो. तुम्ही विसरला नाहीत.

मला संशय यायचा, पण पुरावा कुठला? जुलै उजाडला तरी माझ्या हाती काही लागलं नव्हतं. मग मी सगळ्या वर्गाला गृहपाठ दिला, रविवारी काय केलं ते पाच वाक्यांत लिहा. वैदेहीच्या वहीत होतं: 'रविवार को हम बस से बरुआसागर गए. उपरोक्त स्थान पर एक झील है.'

उपरोक्त! पाचवीतली मुलगी! मी स्टाफरूममध्ये एकटीच इतकी हसले की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. पस्तीस वर्षं कचेरीत कागद उतरवणाऱ्या हाताला जे जमलं ते जिभेला जमलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी वैदेहीला जवळ बसवलं आणि म्हटलं, हे वाच बरं. 'झील है' तिनं अंदाजानं म्हटलं. 'उपरोक्त'पाशी मात्र ती अडली आणि बुटांकडे बघू लागली. मी हळूच मराठीत विचारलं, "अण्णांनी लिहिलं?" तुमच्या घरात तिला मराठी कळायचं, बोलायची मात्र ती हिंदीच. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "बोला मैंने था, मैम. अण्णा ने बस उतारा."

मग मी विचारलं, काय काय बोललीस? आणि ती बोलायला लागली. तळ्यात एक बदक उलटं होऊन मासा धरत होतं. किल्ल्याच्या पायऱ्यांवर अण्णा तीनदा बसले आणि तिन्ही वेळा म्हणाले की चप्पल सैल आहे. परतीच्या बसमध्ये एका बाईच्या टोपलीतलं आलं सांडलं आणि सगळी बस ते गोळा करत होती. घंटा होईपर्यंत ती थांबली नाही. माझ्या वर्गातली मुकी मुलगी! यातलं एकही वाक्य वहीत नव्हतं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी तुम्हाला थांबवून घेतलं. वही पुढे केली आणि 'उपरोक्त'वर बोट ठेवलं. तुम्ही चष्मा पुसला, बराच वेळ पानाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पस्तीस वर्षांत माझ्या एकाही नकलेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आपण पहिल्या." रागानं म्हणालात, पण त्यात थोडी दाद होती.

मला तिथंच थांबता आलं असतं. मी थांबले नाही. मी नवखी होते, आणि मला माझा नियम खरा ठरल्याचा आनंद झाला होता. मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही तिला मदत करत नाही आहात. तुम्ही तिला मुकी करताय."

तुम्ही उभे राहिलात. मग सांगितलंत, तेही माझ्याकडे न बघता. आधीच्या वर्षी दुसऱ्या एका शाळेत ती चौथीत होती. तिथं कोरी वही आणली म्हणून तिला दोन तास बाकावर उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून पोरगी सकाळी उठली की उलटी करायची. दप्तर दिसलं की उलटी. तुम्ही शाळा बदललीत आणि त्या दिवसापासून वही कोरी राहू दिली नाहीत. "आपण नियम वाचलात, बाई. मी उलट्या पुसल्यात," असं म्हणालात आणि वैदेहीचा हात धरून निघून गेलात.

त्यानंतर तीन दिवस वैदेही शाळेत आली नाही.

ते तीन दिवस मी कसे काढले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मी स्वतःला समजावलं की माझंच बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी खिडकीशी रिकामा बाक बघून शिकवता येईना. प्राचार्या मॅडम वहीबद्दल म्हणाल्या, "जाने दीजिए, कॉपी तो पूरी है न?" तिसऱ्या दिवशी मी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते, अण्णा. तिथल्या मिठाईच्या दुकानापाशी थोडा वेळ उभी राहिले आणि माघारी गेले. काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. नियम बरोबर होता. मी तो ज्या तऱ्हेनं सांगितला, ती तऱ्हा चौथीतल्या त्या बाकावर उभं करणाऱ्या बाईंहून फार वेगळी नव्हती, हे मला त्या दुकानापाशी उभं राहिल्यावर कळलं.

चौथ्या दिवशी साडेसातला तुम्ही फाटकाशी उभे होतात. वैदेहीच्या हातात वही. तुम्ही म्हणालात, "कोरी नाही. पण बघवत नाही." मी उघडली. तीन ओळी. 'झ'ची शेपटी उलटी, 'बदक' की 'बतख' असा घोळ, रेघ तर कुठेच नाही. लिहिलं होतं की बतख उलटी झाली.

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"मैंने," वैदेही म्हणाली. मग तुमच्याकडे बोट दाखवून, "अण्णा लिख रहे थे. मैंने पेन ले लिया. मैंने कहा, मैम को तो पता ही है, अब काहे का डर."

अण्णा, तो विजय ना माझा होता ना तुमचा. तुमच्या-माझ्या भांडणात तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. आपण दोघं फाटकाशी दोन चोरांसारखे उभे होतो. मी त्या तीन ओळींखाली तारीख घातली आणि लिहिलं, 'पढ़ा. बहुत अच्छा लगा.' एकही चूक दुरुस्त केली नाही. तुम्ही ते पाहिलंत आणि तिथंच आपलं दुसरं भांडण सुरू झालं.

मग ठरलं ते असं. वैदेहीनं रोज घरी काहीतरी सांगायचं. तुम्ही ते ती बोलेल तसंच उतरवायचं, स्वतःचा एक शब्द न घालता. तिनं ते तुमच्या अक्षरात वाचायचं, कारण ती तिचीच वाक्यं, पुढचा शब्द कुठला हे तिला माहीत असायचं. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं ते आपल्या हातानं लिहायचं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे मी नक्कल करायची आणि तिनं नकलेची नक्कल करायची." मी म्हटलं, "हो. फक्त या वेळी मूळ कागद तिचा."

तुमच्या जिभेला ते सोपं गेलं नाही. आठवड्यातून एकदा तरी 'तत्पश्चात' निघायचं. मी खोडलं की दुसऱ्या दिवशी चिठ्ठी यायची: 'बाई, तत्पश्चात हा शुद्ध शब्द आहे.' मी उत्तर धाडायचे: 'शुद्ध आहे, वैदेहीचा नाही.' त्या चिठ्ठ्या डायरीत सहीच्या जागी असायच्या आणि वैदेहीला दोन्ही बाजूंचा निरोप्या व्हावं लागायचं. दिवाळीपर्यंत ती तुमच्या वाक्यांत तुमची भर पकडायला लागली. म्हणायची, "अण्णा, ये मैंने नहीं बोला था." तुम्ही मला हे तक्रारीच्या सुरात सांगितलंत. मी घरी जाऊन शेवयांची खीर केली.

फेब्रुवारीत एका सकाळी ती वर्गात उभी राहिली आणि पुस्तकातला धडा वाचायला लागली. तिची स्वतःची वाक्यं नव्हती ती, परकी, छापलेली. हळू वाचत होती, पण थांबत नव्हती. एक पान संपलं, दुसरं उलटलं. वर्गातल्या कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्यात काही विशेष घडतंय हे कुणाला कळलंच नाही. फळ्याकडे तोंड करून मी उगाच तारीख पुसून पुन्हा लिहिली. सुट्टीत वैदेही म्हणाली, "मैम, अण्णा को आप मत बताना. मैं पढ़ के सुनाऊँगी." म्हणून मी तुम्हाला त्या दिवशी फाटकाशी काही बोलले नाही. तुम्हाला वाटलं, मी तुमच्यावर चिडलेय.

पुढच्या एप्रिलच्या सभेला तुम्ही पुन्हा मागच्या बाकावर. मी म्हटलं, "अण्णा, वैदेही सहावीत गेली." तुम्ही म्हणालात, "ती गेली. मी पाचवीत नापास आहे."

मी दुसरा नियम वाचला. सगळ्यांनी माना डोलवल्या. आणि तुम्ही उठलात. या वेळी हिंदीत. "मैं पोती का होमवर्क खुद लिखता था. चार महीने. उसी के अक्षर में. कचहरी में नक़ल उतारता था, तो हाथ सधा हुआ था." तुम्ही काही लपवलं नाहीत. उलट्यांचंही सांगितलंत, माझं भांडणही सांगितलंत, 'उपरोक्त'सुद्धा. सत्तरीचा माणूस, जुन्या इभ्रतदार घरातला, तीस अनोळखी माणसांसमोर सांगतो की मी लबाडी करत होतो आणि एका बाईनं मला पकडलं. इतकं धैर्याचं बोलणं मी कुठल्या व्यासपीठावरून ऐकलेलं नाही.

मग रेल्वेतले एक बाबू खाकरले. म्हणाले, "अब आपने कह ही दिया तो... पिछले साल का थर्माकोल का क़िला हमने बनाया था. तीन दिन लगे." त्यांच्या शेजारचे म्हणाले, "बुर्ज टेढ़ा था, भाईसाहब, हमने देखा था." सगळा वर्ग हसायला लागला. बरुआसागरची एक बाई म्हणाली, तिची मुलगी ट्यूशनच्या दीदीकडून सगळं लिहून आणते. एका फौजीची बायको मराठीत मला म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? चित्रं मी काढते." ज्यानं त्यानं आपापलं कबूल केलं. छापील कागद बाजूला पडला. दुसरा नियम त्या दिवशी पालकांनी मिळून नव्यानं केला: जे येत नाही ते कोरं आणा, किंवा मुलानं बोलावं आणि घरच्यांनी लिहावं, पण लपवू नका. आणि माझ्या बाजूनं मी एक जोडला: कोरी वही आणणाऱ्याला या वर्गात कुणी उभं करणार नाही. ते तुम्ही हिंदीत लिहून काढलंत. तुमच्या खऱ्या अक्षरात. तोवर मी ते पाहिलंच नव्हतं, अण्णा! तुमचं स्वतःचं अक्षर कसं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतरच्या वर्षीही तुम्ही आलात. यजमानांची बदली ईशान्येला झाली तेव्हा मी घराची बांधाबांध करत होते. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. थांबा म्हणाला नाहीत. एवढंच विचारलंत, "एप्रिलच्या सभेची तजवीज काय?" माझ्या मुलांच्या शाळेचं कारण सगळ्यांना सांगून मी झाशीत राहिले. मुलांची शाळा हे खरंच कारण होतं. पण ते एकटं नव्हतं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही शिष्टाचारानं "अहो, त्यात काय" म्हणाला असतात आणि मला तुमच्या डोळ्यांत पाणी बघावं लागलं असतं, म्हणून टाळलं. आता टाळून उपयोग नाही. तुमच्यामुळे मी इथली झाले.

आपलं दुसरं भांडण मात्र राहून गेलं. चुकीवर त्याच दिवशी लाल शाईची खूण हवी, असं तुमचं म्हणणं. चुकीची नक्कल कचेरीतून बाहेर जाता कामा नये. मी म्हणायचे, मुलीला आधी बोलू द्या, शाई पळून जात नाही. जानेवारीत शेवटचे भेटलात तेव्हा शाल लपेटून उन्हात बसला होतात आणि पहिलं वाक्य हेच, "सातवी संपत आली तरी ती 'कि' आणि 'की'त चुकते. आपल्यामुळे." मी म्हटलं, "पण दोन-दोन पानं लिहिते. तेही माझ्यामुळे का?" तुम्ही तोंड वळवून हसलात. मी जिंकले असं मला वाटलं. आता वाटतं, थोडं तुमचंही बरोबर होतं. हल्ली मी महिन्यातून एकदा लाल पेन काढते. फक्त एकदा. जास्त खूश होऊ नका.

आता कालचं.

सभा दहाची. मी नऊपासून वर्गात होते. कागद नव्हता. दोन वर्षं तो तुमच्या अक्षरात असायचा. ऑफिसचा छापील कागद मला पुन्हा हातात धरवत नव्हता. पावणेदहाला वैदेही आली. किती उंच झालीय ती, या दीड महिन्यात तर आणखीच वाटली. म्हणाली, "मैम, मैंने लिख लिया है. पढ़ूँ भी मैं ही?" मी नुसती बाजूला झाले.

छत्तीस पालक होते. आठवीतली मुलगी फळ्यापाशी उभी राहिली आणि वर्गाचे नियम वाचून दाखवू लागली. फाटक किती वाजता. दप्तर कुणी भरायचं. डायरीवर सही येत नसेल तर अंगठ्याची खूण किंवा छोटं फूल चालेल. स्पष्ट, खणखणीत, कुठेही न अडखळता. दुसरा नियम वाचून झाल्यावर तिनं कागद खाली केला. म्हणाली, "मैं जब इस क्लास में आई थी तब मुझे पढ़ना नहीं आता था. पाँचवीं में. इसी खिड़की के पास बैठती थी." असं सहज म्हणाली, जसं कुणी सांगावं की मी आधी अमुक गल्लीत राहायचे.

एका वडिलांनी विचारलं, "फिर?"

"फिर मैं बोलती थी, मेरे अण्णा लिखते थे, फिर वही मैं पढ़ती थी. देर लगी. सात महीने."

मग तिसऱ्या बाकावरची एक बाई उठली. बरुआसागरकडची, डोक्यावर पदर, बहुधा पहिल्यांदाच शाळेत आलेली. बुंदेलीत म्हणाली, "हमाई मोड़ी खों पढ़बो नईं आउत. हमने कोऊ से कई नइयाँ." माझ्या मुलीला वाचता येत नाही, आणि हे आम्ही आजवर कुणाला सांगितलं नाही. तिच्यामागून एक फौजी उठला. मग एका बँकेतल्या बाबूंची बायको, नवऱ्याकडे न बघता. मी कोरा कागद घेतला आणि नावं लिहायला लागले. सभा संपली तेव्हा सात नावं झाली होती.

सात, अण्णा! एप्रिलच्या पहिल्या शनिवारी! माझ्या पहिल्या वर्षी एक नाव कळायला जुलै उजाडावा लागला, आणि तेही तुमच्या जिभेच्या चुकीमुळे. उरलेल्यांचं तर मला वर्षअखेरपर्यंत कळलं नव्हतं. किती मुलं माझ्या समोर ओठ हलवत बसून सहावीत निघून गेली असतील. या वर्षी एकही तशी जाणार नाही. मला सातही जणांची नावं माहीत आहेत, आणि त्यांच्या घरच्यांना माहीत आहे की मला माहीत आहे.

सगळे गेल्यावर वैदेहीनं बाक सरळ केले. म्हणाली, सोमवारपासून, म्हणजे उद्यापासूनच, मधल्या सुट्टीत ती येईल. मुलं बोलतील, ती उतरवेल. मी विचारलं, "तुझी सुट्टी?" ती म्हणाली, "अण्णा की तो नौकरी ही यही थी, मैम." आणि तिथं मला रडू आलं. तेराव्याला आलं नव्हतं, ते काल आलं, आणि पोटभर आलं. वैदेहीनं मला पाणी आणून दिलं. ती रडली नाही. उभी राहून सातही नावं वाचत होती.

पहिलं नाव रचनाचं आहे. ती बरुआसागरच्या त्या बाईची मुलगी. आईनं जाता जाता सांगितलं, वर्गात तोंड उघडत नाही, पण घरच्या बकऱ्यांबद्दल विचारा, मग बघा. अकरा बकऱ्या आहेत, आणि तिनं प्रत्येकीचं नाव ठेवलंय.

उद्या बकऱ्यांपासून सुरुवात.